फ्रेम रिकामी, जागा भरलेली

सकाळी ६:००, अंधेरी पश्चिम

शूटिंगच्या जागा बघायच्या, म्हणजे रेकीचा दिवस मंगळवार ठेवला. सोमवारी बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान बंद, शनिवार-रविवारी सगळी मुंबईच बाहेर पडलेली, आणि माझ्या विद्यार्थ्यांचा फिल्मचा प्रोजेक्ट जानेवारीत द्यायचा. नोव्हेंबरअखेरीस सूर्य सातला दहा कमी असताना उगवतो आणि सहाच्या ठोक्याला मावळतो, म्हणजे उजेडाचे जेमतेम अकरा तास. त्यात चार उपनगरं.

चौघंही वेळेवर हजर, ही माझ्यासाठी दिवसाची पहिली बातमी. सेटवर माणसाला नावापेक्षा खात्याने हाक मारतात, आमच्यातही तेच: डायरेक्टर, कॅमेरा, साउंड, प्रॉडक्शन. डायरेक्टर आणि प्रॉडक्शन मुली, बाकीचे दोघे मुलगे. मी मॅम. फिल्म बारा मिनिटांची. सगळं विसरायला लागलेले आजोबा, एकेकाळचे कारखान्यातले फिटर, एका सकाळी घरातून निघतात आणि नातू त्यांना दिवसभर शोधतो. पटकथेत पाचव्या पानावर लिहिलंय: ‘बंद गिरणी. भयाण शांतता.’ ‘भयाण’खाली डायरेक्टरने दोन रेघा मारल्यात. आज मला त्या दोन रेघांचंच काहीतरी करायचं आहे.

६:३०, गिल्बर्ट हिल

भवन्स कॉलेजच्या मागच्या गल्ल्यांमधून रिक्षा नेईल तिथपर्यंत नेली आणि पुढे चालत. इमारतींच्या मधून अचानक काळा कातळ सरळ वर जातो. साधारण २०० फूट उंच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, उभ्या खांबांच्या जुडीसारखा. २००७ मध्ये महापालिकेने याला वारसा यादीत घेतलं. आजूबाजूचा दगड खाणीत गेला, इमारती आल्या, हा एवढा उरला. अंधेरीत राहणाऱ्या पुष्कळांनी हा पाहिलेला नसतो, आणि रिक्षावाल्याला ‘गावदेवी मंदिर’ म्हटल्याशिवाय कळत नाही.

वर गावदेवी आणि दुर्गामाता. पायऱ्यांवर आधीच दोन काका आणि एक आजी, रोजचं दर्शन. पुजाऱ्यांना विचारलं, म्हाताऱ्या माणसाला इथे बसवून शॉट घेतला तर? ते म्हणाले, रोज बसतातच की, तुमचा एक जास्त. मात्र कठड्यापलीकडे कोणी जायचं नाही आणि आरतीच्या वेळी कॅमेरा बंद. ही वाक्यं प्रॉडक्शनने तशीच्या तशी लिहून घेतली. उद्या वॉर्ड ऑफिसातून कागद येईलही, पण शूटिंगच्या दिवशी आपल्याला थांबवू शकतो किंवा सांभाळू शकतो तो हा माणूस.

कॅमेरा खूश. पूर्वेकडून ऊन तिरपं येतं आणि खांबांच्या कडा एकेक करून उजळतात, त्यासाठी लाइट भाड्याने आणायची गरज नाही. साउंडचं तोंड मात्र उतरलेलं. त्याने हेडफोन लावून नुसतं ऐकायला सुरुवात केली होती. मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवर गर्दीच्या तासाला चाळिसाच्या वर विमानं चढतात-उतरतात, म्हणजे दोन विमानांच्या मध्ये दीड मिनिटही मिळत नाही. संवाद इथे अशक्य. डायरेक्टर म्हणाली, आजोबा बोलतच नाहीत इथे. पटकथेत बोलत होते. अशी दुरुस्ती जागेवरच होते, खोलीत बसून होत नाही.

ड्रोनचा विषय कॅमेऱ्याने काढला आणि मी तिथेच बंद केला. एका बाजूला मोठा विमानतळ, दुसऱ्या बाजूला जुहूची धावपट्टी. आकाश आपलं नाही.

७:५०, मेट्रो २ ए

अंधेरी पश्चिमहून मंडपेश्वर. लिंक रोडच्या डोक्यावरून जाताना मालाड लागतं, तेव्हा दरवेळी मला मुलांना सांगावंसं वाटतं की १९३४ मध्ये हिमांशू राय आणि देविका राणींनी बॉम्बे टॉकीज काढली ती इथेच, आणि त्या आवारात आता लहान-मोठे कारखाने आणि गोदामं आहेत. सांगितलं. डायरेक्टरचे डोळे चमकले. “मॅम, ते पडकं आहे का?” गाडीत उत्तर दिलं नाही.

८:४०, मंडपेश्वर

स्टेशनवरून थोडं चालत आयसी कॉलनीच्या बाजूला. समोर मैदान, मैदानात टेनिसच्या चेंडूचं क्रिकेट, आणि मैदानाच्या कडेला सरळ खडकात कोरलेली शैव लेणी. आत शिवलिंग, पूजा चालू. आणि या सगळ्याच्या डोक्यावर, लेण्यांच्या छतावर, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात उभारलेल्या ख्रिस्ती मठाच्या भिंती: छप्पर नाही, खिडक्यांच्या नुसत्या चौकटी आणि त्यातून आभाळ.

डायरेक्टर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हे छान आहे, पण भयाण नाही. मुलं खेळतायत.”

हा विषय इथेच काढायचा मी ठरवलं होतं. बंद गिरणी, बंद मॉल, पडका कारखाना ही विद्यार्थ्यांच्या फिल्मची जुनी हौस. फुकट वाटतात आणि कुठेही कॅमेरा लावा, फ्रेम मिळते. भांडुपचा ड्रीम्स मॉल दरवर्षी कोणीतरी सुचवतंच. मार्च २०२१ मध्ये त्याला आग लागली, वर कोविड रुग्णालय होतं, माणसं गेली. जळालेल्या इमारतीत कुठला स्लॅब किती धरून आहे हे बाहेरून दिसत नाही. आणि २२ ऑगस्ट २०१३ हा दिवस या मुलांना माहीत नसतो, तेव्हा ती शाळेत होती. महालक्ष्मीच्या बंद शक्ती मिलमध्ये एक तरुण वृत्तछायाचित्रकार मासिकाच्या कामासाठी पडक्या वास्तूंचे फोटो काढायला गेली. संध्याकाळची वेळ, सोबत सहकारी. तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. ती आपलं काम करत होती, तिचं काही चुकलं नव्हतं. पण त्या आवारात हाक मारली तर ऐकू जाईल असं कोणी नव्हतं. दोघं असणं पुरलं नाही.

चौघं गप्प. प्रॉडक्शनने विचारलं, म्हणजे मुलींनी जायचंच नाही का? मी म्हटलं, मुलींचा प्रश्न नाही हा. साउंडवाल्याचा पाय खड्ड्यात गेला तरी उचलायला कोणीतरी लागतं, रुग्णवाहिकेला रस्ता सांगायला कोणीतरी लागतं. फ्रेम रिकामी हवी, जागा रिकामी नको. कॅमेऱ्याला विचार, ही मुलं न दिसता तुला हा मठ मिळतो का?

तो आधीच गुडघ्यावर बसला होता. मोबाइल खाली धरून कोन वर केला. फ्रेममध्ये नुसती खिडकी, वाळलेलं गवत, आभाळ. मैदान गायब. पण “आउट रे!” ऐकू येत होतं. साउंड म्हणाला, हे राहू दे. आजोबा हरवलेत आणि जवळच कुठेतरी मुलं खेळतायत, यात जास्त भीती आहे. डायरेक्टरने पटकथा काढली आणि पेनने एक रेघ मारली. ‘भयाण’वर की ‘गिरणी’वर ते मी पाहिलं नाही.

तिला एवढंच म्हटलं, गिरणीच हवी असेल तर उमेश कुलकर्णींची ‘गिरणी’ बघ. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधली विद्यार्थीदशेतली फिल्म, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली. घरात पिठाची गिरणी येते आणि एका मुलाचं आयुष्य त्या घरघरीत सापडतं. पडकं काहीही नाही.

लेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. मोबाइलने फोटो काढणारे शंभर, पण ट्रायपॉड टेकवला की तुम्ही युनिट होता आणि परवान्याचा प्रश्न येतो. प्रॉडक्शनच्या वहीत लाल शाई.

१०:१५, एक्सर

चालत जाऊन वीरगळ पाहिले, फिल्मसाठी नाही, माझ्या हट्टासाठी. शिलाहार आणि यादवांच्या काळातले उंच दगड, त्यांवर वल्ह्यांच्या रांगांची जहाजं आणि समुद्रावरची लढाई. बोरिवलीत. मेट्रोच्या स्टेशनाला एक्सर नाव आहे, तरी उतरणाऱ्यांतले किती जण इथवर येतात कोण जाणे.

११:००, बोरिवली पूर्व, उडप्याकडे

इडली-वडा आणि कागद. राष्ट्रीय उद्यानाच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. आत जंगल वनखात्याचं, कान्हेरीची लेणी पुरातत्त्वची, म्हणजे एका शॉटसाठी दोन खाती. शिवाय माकडं. साउंडच्या माइकवरचं ते केसाळ कव्हर त्यांनी सोडलं नसतं. कान्हेरी यादीतून गेली.

उरलेल्या जागांची हद्द कोणाची, हे ठरवण्यात तास गेला. रस्ता आणि पदपथ महापालिकेचे, त्यातही अंधेरी पश्चिम के-पश्चिम विभाग, बोरिवली आर-मध्य, मुलुंड टी, घाटकोपर एन. वाहतूक अडणार असेल तर वाहतूक पोलीस. स्थानिक पोलीस ठाण्याला पत्र सगळीकडेच. हे एका ठिकाणी व्हावं म्हणून राज्याची एक खिडकी योजना आहे, ती गोरेगावच्या चित्रनगरीचं महामंडळ चालवतं. प्रॉडक्शनला अर्ज भरायला लावला तेव्हा कळलं की युनिटमध्ये माणसं किती, गाड्या किती, जनरेटर आहे का, हे तिने ठरवलेलंच नाही. या प्रश्नांमुळे फिल्म कागदावर उतरते, म्हणून मला हे अर्ज आवडतात. मुलांना अजिबात आवडत नाहीत.

कॅमेरा म्हणाला, आपण लपूनछपून करू, गनिमी काव्याने, चार जणं तर आहोत. मी म्हटलं, म्हाताऱ्या नटाला पोलीस चौकीत बसवायची तयारी असेल तर कर. आमचे आजोबा एका हौशी नाट्यसंस्थेतले, वय चौऱ्याहत्तर. त्यानंतर तो विषय निघाला नाही. उलट, प्रत्येक जागेच्या पानावर एक नवा रकाना आला: आजोबांना बसायला सावली कुठे, स्वच्छतागृह किती पावलांवर, जवळचं रुग्णालय कोणतं.

१२:४०, आरे

पूर्वेला जायला गाडी केली, दुसरा सोयीचा मार्ग नव्हता. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे झाले की डोंगराखालून जाता येईल, आज डोंगराला वळसा. आरेच्या जंगलातून जाताना गारवा लागला तसा डायरेक्टरने गाडी थांबवायला सांगितली. झाडांची कमान, गवत, एक म्हैस. “नातू इथे संध्याकाळी हाका मारत फिरतो.”

संध्याकाळी नाही. २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आरेत बिबट्याचे माणसांवर हल्ले झाले. जुलै २०२३ मध्ये बाजूच्या चित्रनगरीत एका मराठी मालिकेच्या चालू सेटवर बिबट्या शिरला, तेव्हा सेटवर भरपूर माणसं होती. एरवी तो माणसाच्या वाटेला जात नाही, त्याला कुत्री हवी असतात. कुत्र्यांना उष्टं हवं असतं. आणि उष्टं टाकतं कोण, तर युनिट. जेवणाची पाकिटं उघड्यावर टाकून अंधारात खाली बसून लेन्स बदलणारा असिस्टंट म्हणजे जंगलाच्या कडेला काय करू नये याचा नमुना. शॉट दुपारी घ्या, मोकळ्या जागेत, कचऱ्याची पिशवी बांधून परत आणा, साडेचारला गाडीत बसा. संध्याकाळ एडिटमध्ये करता येते.

कॅमेऱ्याने मान हलवली. त्याला एक्सपोजर पाडून दुपारची संध्याकाळ करायची होतीच, निमित्त मिळालं.

दुपारी २:००, मुलुंड पश्चिम

आजोबांचं घर. ओळखीच्या ओळखीतून मिळालेलं, दुमजली, मंगलोरी कौलांचं, बाहेरून लाकडी जिना. दोन्ही बाजूंना टॉवर, मध्ये हे. काकू एकट्या राहतात, वर एक भाडेकरू.

“किती जणं येणार?”

“दहा, काकू.”

“म्हणजे पंधरा. चपला खाली. देवघराकडे पाय करून कोणी बसायचं नाही. आणि जिन्यावर एका वेळी दोघंच. पाचव्या पायरीवर पाय भिंतीकडून द्यायचा, बाहेरची फळी हलते. आमचे हे गेले तेव्हापासून सुतार येतो येतो म्हणतोय.”

चौघांनी पाचवी पायरी पाहिली. कॅमेऱ्याने वाकून दाबली, फळी खरंच बोटभर खाली गेली. ट्रायपॉडचा एक पाय तिथे ठेवला असता तर कॅमेरा अंगणात, मागोमाग तो. प्रॉडक्शनने खडूने फुली केली. काकू म्हणाल्या, पुसू नका, मलाही बरी.

मीटरच्या फळीवर पांढरे चिनी मातीचे फ्यूज. इथे मुलांना घरगुती गणित करायला लावलं. मुलांनी भाड्याने ठरवलेला हॅलोजन हजार वॅटचा, २३० व्होल्टवर तो सव्वाचारच्या वर अँपिअर ओढतो. भिंतीतला प्लग पाचाचा. एक लाइट लावला की संपलं, त्याच वायरिंगवर फ्रिज आणि पंखा चालू असेल तर वायर भिंतीच्या आत तापते आणि धूर दिसेपर्यंत कोणाला कळत नाही. लाकडी घर. हॅलोजन रद्द, एलईडीची दोन पॅनल, तीही बॅटरीवर. कॅमेरा कुरकुरला, पण खिडकीतून येणारं ऊन जमिनीवर गजांची जाळी टाकत होतं, तिथे त्याचं लक्ष गेलं आणि कुरकुर थांबली.

मग लोकलचा प्रश्न. नातू रुळांकडेने पळतो असा प्रसंग होता. मुलुंड मध्य रेल्वेवर, अंधेरी-बोरिवली पश्चिमवर, अर्ज दोन वेगळ्या कार्यालयांत, आणि रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा. पण कलमाने मुलं घाबरत नाहीत. म्हणून सारा जोन्सची गोष्ट सांगितली. २० फेब्रुवारी २०१४, अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य. ‘मिडनाइट रायडर’ नावाच्या चित्रपटाचं युनिट नदीवरच्या रेल्वे पुलावर, रुळांवर पलंग ठेवून शॉट घेत होतं. रेल्वे कंपनीने लेखी नकार दिला होता. मालगाडी आली. कॅमेरा विभागात सहायक असलेली सारा गेली, २७ वर्षांची. दिग्दर्शक तुरुंगात गेला. आमच्या कॅमेऱ्याने हातातला मोबाइल खाली ठेवला, ते खातं त्याचंच होतं.

आम्ही बोलत असतानाच खिडकीची तावदानं थरथरली. फलाटावर न थांबणारी फास्ट गेली. फडताळातल्या स्टीलच्या पेल्यांनी एकमेकांना हलकेच टकटक केलं आणि थांबले. साउंडने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, रेकॉर्डर पेल्यांजवळ धरला आणि पुढच्या गाडीची वाट पाहत बसला. तीन गाड्या त्याने घेतल्या. फास्ट, स्लो आणि एक लांब पल्ल्याची, जिच्या वेळी देवघरातली घंटीही हलली. रुळांचा प्रसंग पटकथेतून गेला, त्याच्या जागी आजोबा पेल्यांना हात लावून ते शांत करतात असं आलं. काकूंनी चहा आणला तेव्हा त्या म्हणाल्या, आम्हाला तर ऐकूही येत नाही आता.

४:४०, घाटकोपर, असल्फा

लोकलने घाटकोपर, मेट्रोने असल्फा. टेकडीवर चढत गेलेली घरं, २०१८ च्या सुमारास रंगवलेल्या भिंतींचे फोटो तेव्हा सगळीकडे फिरले होते. इथे कॅमेरा नवा नाही, त्यामुळे पहिल्याच वळणावर मावशींनी विचारलं, “यूट्यूब की मालिका?” कॉलेज म्हटल्यावर त्यांचा रस संपला, आणि रस संपणं आमच्या फायद्याचं.

पायऱ्या अरुंद, एका बाजूला निळी पाण्याची पिंपं, डोक्यावर वायरी, मध्येच उघडं गटार. पाण्याची वेळ विचारून घेतली. त्या वेळात कॅमेरा लावला तर वस्तीची वाट आणि पाणी दोन्ही अडेल, आणि मग आपल्याला कोणी उभं करणार नाही, करूही नये. सातच्या पुढे पुरुष कामावरून येतात, पायऱ्या भरतात. म्हणून चार ते सहा. घराची दारं फ्रेममध्ये येत असतील तर त्या घराला विचारायचं, समितीला विचारलं म्हणजे झालं असं नाही.

पावसाळ्यात इथे यायचंच नाही, हेही पानावर लिहिलं. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात टेकडी घरांवर आली, साठाहून जास्त माणसं गेली. उतारावर कॅमेरा लावायचा तर आधी वरच्या बाजूला काय आहे ते बघायचं, मग समोरचं दृश्य.

दृश्य मात्र आहे. सहाला सूर्य गेला आणि खालच्या इमारतींत दिवे लागायला लागले. विमानं इथे डोक्यावरून उतरतात, चाकं दिसतील इतकी खाली. साउंड हताश होऊन हसला. डायरेक्टर म्हणाली, नातू ओरडतोय आणि विमानामुळे ऐकूच येत नाही, चालेल? चालेल की. याच घाटकोपरच्या चिराग नगरात राहून अण्णा भाऊ साठ्यांनी लिहिलं, शांततेची वाट पाहत बसले असते तर काही झालं नसतं.

रात्री ८:३०, घरी

गटावर प्रॉडक्शनचा तक्ता आला. जागा, हद्द, माणूस, फोन, उजेड, आवाज, धोका. ‘माणूस’ हा रकाना मी न सांगता तिने घातला होता. पुजारी, क्रिकेटवाल्या मुलांचा कप्तान, काकू, असल्फ्याच्या मावशी. आरेसमोर तिथे रेघ होती, म्हणून तिने स्वतःच शॉट रस्त्यावरच्या दूधकेंद्राजवळ सरकवला होता.

मग काकूंचा फोन. ठरलेल्या रविवारी त्यांच्याकडे सत्यनारायण आहे, आधीच सांगायचं राहिलं. शूटिंग सोमवारी करा, आणि मुलांना म्हणावं प्रसादाला यायचं, सोमवारचं जेवणही घरीच. गटावर कळवलं. प्रॉडक्शनने बजेटमधली जेवणाची ओळ खोडली आणि लगेच साउंडचा मेसेज आला, रविवारी रेकॉर्डर घेऊन आलं तर काकू रागावतील का?